एकाच सोमवारी चार पहिले दिवस

बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परत जाताना काय काय करायचं, हे आत्तापर्यंत मला सहा-सात जणींनी विचारलंय. कुणाला लिफ्टमध्ये, कुणाला रिक्षात, कुणाला रात्री अकरा वाजता फोनवर कुजबुजत, असं तुकड्यातुकड्यांनी सांगत आले. आता एकदा सलग लिहून टाकते. माझं पोर दोन वर्षांचं झालं, तरी जुलैचा पहिला सोमवार आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. तेव्हा फार शांत डोक्याने लिहून होणार नाही, ते आधीच सांगते.

रजा आणि कागदपत्रांचं तुम्हाला माहीत असणारच, त्यामुळे भराभर. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत तिथे निदान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसाला दोन सुट्ट्या, जेवणाच्या सुट्टीखेरीज.

आमच्या कंपनीतही हे सगळं होतं. कागदावर. पाळणाघराची सोय म्हणजे कुठल्याशा साखळी पाळणाघराशी केलेला करार निघाला, आणि तेही ऑफिसपासून इतकं लांब की चार वेळा जाऊन आले असते तर कामाला वेळच उरला नसता. भांडले का? नाही. तेव्हा भांडायचं त्राणच नव्हतं. पण एक केलं, ते तुम्हीही करा. एचआरला तोंडी काही विचारू नका, मेल टाका. तोंडी विचारलं की 'बघू या ना' येतं. मेलला उत्तर लिहायचं तर त्यांना आधी नियम उघडून वाचावा लागतो. माझ्या दोन सुट्ट्या मला मेलनेच मिळाल्या.

आता मी कुठे आपटले ते. हे मी जरा घोळवून सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा, कारण यात मी एकटीच पडले असं नाही, आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोघी पडल्यात.

माझं बाळंतपण फेब्रुवारीअखेर. शेवटी शेवटी पाय सुजले, बीपी वर सरकायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी लवकर घरी बसवलं. ७ आठवडे तिथेच गेले. राहिले १९. पण डोक्यात मात्र मी 'सहा महिन्यांची रजा' असंच धरून बसले होते. येणारे-जाणारेही तेच म्हणायचे, 'बरं आहे बाई तुमचं, सहा महिने!' १९ आठवडे म्हणजे १३३ दिवस. म्हणजे मूल साडेचार महिन्यांचंसुद्धा नसतं. आणि सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं खाणं त्यानंतर, हे तर सगळेच डॉक्टर सांगतात. याचा अर्थ ज्या दिवशी मी कामावर निघाले त्या दिवशी माझं पोर माझ्याशिवाय दुसऱ्या कशावरही जगत नव्हतं. ना पेज, ना वरणाचं पाणी.

बरं, तारीख आधीच माहीत होती. मग मी काय केलं? रजेचा एकेक दिवस कंजुषाने पैसे मोजावेत तसा मोजला. पाळणाघर घरापासून दोन गल्ल्या सोडून ठरवून ठेवलं होतं. तिथल्या काकू म्हणाल्या, 'पंधरा दिवस आधीपासून थोडा थोडा आणत जा.' मी म्हटलं, छे, रजा आहे तोवर तो माझ्याजवळच राहील. आतून दुसराही हिशोब होता, उगाच लपवत नाही. मी घरात असताना अर्ध्या महिन्याची फी कशाला भरा! झालं. रजा रविवारी संपली आणि सोमवारी चार गोष्टी एकदम सुरू झाल्या. माझा ऑफिसचा पहिला दिवस. त्याचा पाळणाघरातला पहिला दिवस. वाटी-चमच्याने दूध पिण्याचा त्याचा पहिला दिवस. आणि भर गर्दीत, ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोलीला जाण्याचा सहा महिन्यांनंतरचा माझा पहिला दिवस.

सकाळी पावणेआठला त्याला काकूंकडे दिला. तो त्यांच्या पंख्याकडे बघून हसला. पंख्याकडे! मला वाटलं, जमलं की. मानपाड्याहून बसने स्टेशनला पोचायलाच पन्नास मिनिटं लागली. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाने काय होतं ते मी ठाणेकरांना सांगायला नको. साडेअकराला काकूंचा पहिला फोन. 'दूध घेत नाही हो.' एकला दुसरा. 'चार चमचे गेले, आठ बाहेर आले.' अडीचला तिसरा. 'रडून रडून झोपला.' या फोनवर मी जास्त घाबरले. तोवर इकडे माझी स्थिती अशी की छाती दगडासारखी घट्ट, पंप घरी राहिलेला, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी कुठल्यातरी त्रैमासिक आकड्यांबद्दल बोलतंय.

चारला निघाले. ऐरोलीच्या प्लॅटफॉर्मवर उभी असताना लक्षात आलं की कुर्ता पुढून पार ओला झालाय. पाऊस नुकताच थांबलेला, म्हणजे पावसावर ढकलता आलं असतं, पण बाकी सगळी कोरडी आणि तेवढाच भाग ओला. बॅग छातीशी धरून उभी राहिले. शेजारी चाळिशीच्या एक बाई होत्या, हातात भाजीची पिशवी, गळ्यात ओळखपत्राची दोरी. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, स्वतःची ओढणी काढली, माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाल्या, 'किती महिन्यांचं?' मी म्हटलं, 'चार.' 'पहिला दिवस?' मी मान हलवली. गाडी आली. ठाण्याला उतरताना ओढणी परत द्यायला लागले तर म्हणाल्या, 'राहू दे. भेटलो तर दे, नाहीतर नको देऊस.' परत कधी भेटल्या नाहीत. ओढणी निळी आहे, तिच्यावर पांढरे ठिपके आहेत, माझ्या कपाटात आहे.

घरी येऊन तो चाळीस मिनिटं प्यायला, मध्येमध्ये हुंदके देत. मंगळवारी तेच. बुधवारी नाक वाहायला लागलं, गुरुवारी १०१ ताप. नवीन मूल पाळणाघरात गेलं की पहिले दोन-तीन महिने सर्दी-ताप येतजात राहतो, हे सगळ्या जुन्या आयांना पाठ असतं, मला नव्हतं. मी चार दिवस घरी बसले, तेही शिल्लक नसलेल्या रजेवर. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला. पाठवला नाही, कारण पाजता पाजता एका हाताने लिहिला होता आणि त्यात इतक्या चुका होत्या की सकाळी सुधारून पाठवू म्हटलं. असल्या फालतू कारणाने माझी नोकरी टिकली.

आता नीट ऐका. ही चारही पहिली कामं चार वेगवेगळ्या आठवड्यांत टाका. कामावर जायची तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या. चार आठवडे आधी: दिवसातून एकदाच, वाटी-चमच्याने, काढलेलं दूध. तीन आठवडे आधी: पाळणाघरात फक्त अर्धा तास, तुम्ही तिथेच बसायचं, हवं तर पेपर वाचा. दोन आठवडे आधी: एक तास, मग दोन, आणि आता तुम्ही तिथे नसायचं. शेवटच्या आठवड्यात: पूर्ण दिवस, तुम्ही घरी. हो, घरी. हात रिकामे, घर भकास, सारखं घड्याळाकडे लक्ष. पण त्या आठवड्यात काकूंचा फोन आला तर तुम्ही दहा मिनिटांत पोचता. ऐरोलीहून पोचायला मला पावणेदोन तास लागायचे. हा फरक विकत घ्यायचा म्हणून ती अर्ध्या महिन्याची फी भरायची. मी वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट माझा पुढे पगार कापला गेला.

पूर्ण २६ आठवडे पुरत नसतील तर साठवलेली हक्काची रजा पुढे जोडून घ्या आणि तेही प्रसूतीच्या आधी मेलवर ठरवून ठेवा. बाळंतपणातून काही दुखणं उद्भवलं किंवा मूल दिवसांआधी झालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते, हे मला खूप नंतर कळलं. आणि सोमवारी रुजू होऊ नका! गुरुवारी व्हा. दोन दिवस काम, की शनिवार-रविवार आला. ही युक्ती माझी नाही, चिऊच्या आईची आहे.

चिऊची आई म्हणजे बी विंग, चौथा मजला. आमच्याकडे सगळ्यांची नावं अशीच आहेत. माझ्या फोनमध्ये 'चिऊची आई', 'जुळ्यांची आई ७०४', 'कुरळ्या केसांच्या मुलीची आई (गच्चीवर भेटली)'. मी स्वतः कित्येक फोनमध्ये 'बाळ्याची आई' आहे. तर या चिऊच्या आईने मी सात महिन्यांची गरोदर असतानाच लिफ्टमध्ये मला सांगितलं होतं, 'पाळणाघराची सवय रजा असतानाच लाव हं, नंतर नाही जमत.' मी हसून मान डोलावली आणि सहाव्या मजल्यावर उतरले. म्हणजे मला माहिती मिळाली नव्हती असं नाही. मिळाली होती, पण मी ती मोजली नाही, कारण सांगणारी टी-शर्टवर दह्याचा डाग घेऊन उभी होती.

मोजली कुणाची? ऑफिसातल्या आमच्या एका वरिष्ठ बाईंची. त्या माझ्या मेंटॉर होत्या, म्हणजे तसं कंपनीने ठरवून दिलं होतं. त्या म्हणाल्या, 'मी तिसऱ्या महिन्यात परत आले. मनाची तयारी हवी फक्त.' मी भारावून गेले. त्यांच्या घरी सासूबाई, आई आलटून पालटून, आणि दिवसभराची बाई आहे, हे मला वर्षभराने कळलं. बाई वाईट नाहीत. खोटंही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून माझा एक नियम झालाय. कुणीही 'मला जमलं' म्हटलं की पहिला प्रश्न, 'घरी कोण असतं?' त्याचं उत्तर तुमच्या घराशी जुळत नसेल तर चहा प्या, आभार माना आणि पुढे चला. आणि 'सुपरमॉम' हा शब्द ज्यांच्या तोंडी येतो त्यांचा सल्ला तर मी चहापुरताही घेत नाही.

खरं शिकवलं ते ७०४ वालीने. तिला जुळी आहेत, आणि ती कमी बोलते. जुळी असल्यावर बोलायला वेळ कुठून येणार. माझ्या त्या राजीनाम्याच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी ती बेल वाजवून आत आली. म्हणाली, 'वाटीने पीत नाही ना? तू पाजतेस का?' मी म्हटलं, हो, शनिवार-रविवारी मीच प्रयत्न करते. 'तुझ्या हातून कसा पिईल? त्याला वास येतोय ना तुझा. समोर ताट वाढलेलं असताना चणे कोण खाईल? तू खाली जा.' मी दारात उभी राहिले. 'दारात नाही. लिफ्टने खाली. अर्धा तास वर यायचं नाही.'

खाली वॉचमनच्या केबिनशेजारी एक सिमेंटचा बाक आहे. तिथे बसले. पाऊस भुरभुरत होता. वॉचमनकाकांनी विचारलं, 'मॅडम, चावी विसरलात?' सात मिनिटांनी वरून रडणं ऐकू आल्यासारखं वाटलं; सहाव्या मजल्यावरचं खाली ऐकू येत नाही, तरी वाटलं. पंचवीस मिनिटांनी तिचा मेसेज आला. नुसता आकडा. '६०'. साठ मिलिलिटर. मी बाकावरच रडले, आणि वॉचमनकाका बिचारे चावीवाल्याचा नंबर शोधायला लागले.

तिने त्याला मांडीवर पाठमोरा, खिडकीकडे तोंड करून बसवला होता आणि चमचा ओठाला नुसता टेकवून थांबत होती. आत ओतत नव्हती. त्याने जीभ बाहेर काढून स्वतः चाटलं की मग पुढचा थेंब. हे मी काकूंना जाऊन दाखवलं आणि आठवड्याभरात तो त्यांच्याकडे प्यायला लागला. बाटली मीही आणली होती, महागातली, पण आमच्या डॉक्टरांनी भुवया वर केल्या; ती स्वच्छ ठेवणं कठीण, वाटी-चमचा उकळला की काम झालं. बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला बाटली आणल्यावर कळलं. आमची आजी बोंडल्याने पाजायची, ते चांदीचं बोंडलं आईकडे अजून आहे. तेही चाललं असतं म्हणा.

दूध काढून ठेवायचं तंत्र थोडक्यात: बाहेर चार तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि आपल्याकडचा उकाडा बघता तितकंही नको. ऑफिसात काढलंत तर बर्फाच्या पिशवीत घालून घरी, घरी आल्या आल्या फ्रिजच्या आतल्या बाजूला. दारात नाही, दार सारखं उघडतं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी धरायची. ऑफिसात जागा नसेल तर बाथरूममध्ये उभ्याने काढू नका. मी महिनाभर तसं केलं आणि अजून स्वतःवर चिडते. शेवटी छोटी मीटिंग रूम रोज साडेअकराला पंधरा मिनिटं माझ्या नावाने लावून घेतली, विषयाच्या जागी 'वैयक्तिक' लिहून. कुणी काही विचारलं नाही. घाबरत होते ती मीच.

७०४ वालीकडे एक चौकटीची वही होती. 'होती' म्हणते, कारण आता ती माझ्याकडे आहे आणि पुढच्या महिन्यात ए विंगला जाईल. तिची सुरुवात कुणी केली ते नक्की ठाऊक नाही. पहिल्या काही पानांवरचं अक्षर बदलापूरला राहायला गेलेल्या कुणाचं तरी आहे. मग चिऊच्या आईचं बारीक, तिरकं. मग ७०४ चं, सगळे आकडेच आकडे. त्या वहीत एकही सुविचार नाही. आहे ते असं: रविवारी दुपारी कुठले बालरोगतज्ज्ञ फोन उचलतात. कुठल्या पाळणाघरात सातनंतर दर पाव तासाला जादा पैसे लागतात आणि कुठे काकू नुसतं तोंड वाकडं करतात. 'विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं असेल तर रिक्षा तिकडून घालू नये, ऐरोली-मुलुंड पुलावरून यावं.' 'तलावपाळीला फेरी मारली की झोपतो, पण परत येताना गोखले रोडवर हॉर्नने उठतो.' 'लस दिली त्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नये.' आणि एका पानावर नुसतं, 'आज मी तिच्यावर ओरडले. ती पाच महिन्यांची आहे.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'मी पण.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'मी पण, दोनदा.'

मला ही वही रोज रात्री वाचायला मिळाली नसती तर मी आज नोकरीत नसते, हे मी आमच्या मेंटॉरबाईंनाही सांगितलंय. जरा विचार करा, या बायकांनी हे कधी लिहिलं असेल? घरातले सगळे झोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर, उद्याची डब्याची भाजी निवडता निवडता. जुळ्यांच्या आईच्या पानांवर हळदीची बोटं आहेत. आणि त्यांनी फजिती लिहिली, वेळेसकट लिहिली. 'सगळं छान होतं गं, काळजी करू नकोस' असं म्हणणारीने मला एक मिनिटही वाचवून दिलं नाही. '६:१८ ची चुकली तर पुढची घेऊन घरी ७:४०, म्हणून शेजारणीला आधीच सांगून ठेवणे' असं लिहिणारीने महिन्याचे कित्येक तास वाचवले.

बाकी सोप्या वाटांबद्दल माझी मतं ऐकून ठेवा, पटली नाहीत तर सोडून द्या. पाळणाघरात कॅमेरा आहे आणि तो फोनवर दिसतो, म्हणून एका नव्या चकचकीत जागेला मी जवळजवळ भुलले होते. माझी एक सहकारी तिथे मूल ठेवते. ती दिवसभर फोन बघते आणि मूल दुसऱ्या कुणाच्या मांडीवर हसलं तरी तिचा चेहरा पडतो. आमच्या काकूंकडे कॅमेरा नाही, पण दार बंद नसतं. कधीही जाऊन उभं राहता येतं. मला ते दार जास्त पटतं. ऑफिसजवळचं पाळणाघर बघायचं की घराजवळचं, तर घराजवळचं बघा. ठाणे स्टेशनवर सकाळी नऊला तान्हं मूल घेऊन जिने चढायचं म्हणजे काय, हे एकदा अनुभवलंत तर दुसऱ्यांदा कुणी सांगावं लागणार नाही. शिवाय तुम्ही आजारी पडून घरी राहिलात तर पोराला ऐरोलीला कोण नेणार? आणि आजी. आजी येणार असेल तर सोन्याहून पिवळं, पण तिचं तिकीट परतीचं असतं हे लक्षात ठेवा. माझी आई इचलकरंजीहून दोन महिने येऊन राहिली. तिला इथली लिफ्ट, बंद दारं आणि दुपारची सामसूम सोसली नाही. तिच्या भरवशावर पाळणाघर सोडलं असतं तर मी पुन्हा पहिल्या सोमवारवर येऊन पडले असते.

नवऱ्याबद्दल फार लिहीत नाही. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खाजगीत कायद्याने काहीच नाही. त्याच्या कंपनीने पाच दिवस दिले, त्यातले दोन हॉस्पिटलात गेले. तो अंधेरीहून साडेआठला येतो. पण रात्री तीनला उठून खांद्यावर टाकून येरझाऱ्या त्यानेच घातल्या, हे त्याच्या खात्यावर जमा आहे.

आणि घाबरू नका हो. मी एवढं सगळं सांगून तुम्हाला घाबरवलंच असणार, पण खरंच सांगते, निवळतं ते. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बाळ्याने काकूंना बघून माझ्या कडेवरूनच हात पसरले, त्यांच्याकडे गेला आणि मागे वळूनही बघितलं नाही. मी दोन महिने याच क्षणाची वाट बघत होते. आला तेव्हा बसमध्ये बसून नाक पुसत होते. दोन्ही होतं, चालायचंच.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा, जी मी केली नाही. पाळणाघराच्या फॉर्मवर 'मूल घरी नेण्यास परवानगी असलेल्या व्यक्ती' असा रकाना असतो. आईबाप सोडून आणखी दोन नावं तिथे घाला, अशी की जी पंधरा मिनिटांत चालत पोचतील. मी तिथे नवऱ्याचं नाव लिहून सोडून दिलं होतं.

मग पुढच्या वर्षीच्या पावसात एका संध्याकाळी दिघ्याच्या पुढे आमची गाडी जी थांबली ती थांबलीच. सहा वाजून वीस मिनिटं. नवरा अंधेरीला. चिऊच्या आईला फोन केला. ती तिच्या चिऊला आणायला निघालीच होती, म्हणाली, 'दोघांना आणते.' दहा मिनिटांनी काकूंचा फोन. 'यादीत यांचं नाव नाही.' मी म्हटलं, 'अहो, तुम्ही ओळखता ना, चिऊची आई.' काकू म्हणाल्या, 'रोज बघते मी तिला. पण बाळ्यासाठी यादीत नाव पाहिजे. तुम्ही मला मेसेज करा, पूर्ण नाव घालून, की यांच्याबरोबर पाठवा म्हणून.' त्या क्षणी राग आला. पण बरोबर काकूच होत्या, आणि याच कारणासाठी मी त्यांच्याकडे मूल ठेवते.

मेसेज लिहायला घेतला. 'बाळ्याला आज' एवढं लिहिलं आणि थांबले. डब्यात पंख्याखाली घामाने निथळत उभी, चारी बाजूंनी बायका, आणि मला तिचं नाव माहीत नाही. दीड वर्ष जिच्याकडून मी गुरुवारी रुजू होण्यापासून ते ताप उतरवण्यापर्यंत सगळं शिकले, तिचं नाव माहीत नाही. परत फोन लावला. म्हटलं, 'अगं, तुझं नाव काय?'

तिकडे आधी शांतता, मग इतकं मोठं हसू की मागून काकूंनी विचारलेलंही मला ऐकू आलं, 'काय झालं?' 'विचारलंस एकदाचं,' ती म्हणाली. मग नाव सांगितलं. आडनाव सांगताना म्हणाली, 'माहेरचंच आहे, बदललं नाही, तसंच लिही.' नाव इथे लिहीत नाही, तिने नको म्हटलंय.

घरी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. बाळ्या तिच्या पलंगावर चिऊच्या शेजारी आडवातिडवा झोपला होता, अंगावर चिऊचा गुलाबी फ्रॉक, कारण त्याचे कपडे भिजले होते. मी लगेच फोनमध्ये तिचं नाव बदलून ठेवलं, नीट, पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत शोधायला गेले तर सापडेना. 'च' वर बोट फिरवत बसले. शेवटी परत 'चिऊची आई' केलं आणि तिचं नाव पुढे कंसात टाकलं.